पंचेचाळिसावा दिवस

एल्दाला मातीत ठेवून माणसं हॉलवर आली तेव्हा दोन वाजायला आले होते आणि सगळ्यांना सपाटून भूक लागली होती. भूक लागल्याची लाज वाटून कोणी ताटलीला हात लावेना. आमच्या घराण्यात अशा जेवणाला पहिला घास मागं उरलेल्या जोडीदारानं घ्यायचा असतो. एल्दाच्या नवऱ्यानं, गेलिंदोनं, सुपाचा एक चमचा तोंडात घातला, गिळला, आणि मग हॉलभर चमच्यांचा आवाज सुरू झाला.

हॉल ओरेस्ते फाबियानचा. टोरोंटोच्या वर, वुडब्रिजला, जिथं दहा वर्षांपूर्वी नुसता मका होता तिथं त्यानं हा लग्नांसाठी बांधला होता. लग्न अजून एकही लागलं नव्हतं. पहिली पंगत बसली ती मयताची. सोमवारी रुग्णालयातून बातमी गेल्याबरोबर ओरेस्तेचा फोन आला होता. "दुसरीकडे कुठं विचारूसुद्धा नका. एल्दाचं जेवण माझ्याकडं. बिलाचं नाव काढलंत तर मी दफनाला येणार नाही." आणि तो आला होता, पेटीचा पुढचा डावा कोपरा खांद्यावर घेऊन, पासष्टाव्या वर्षी, कंबरेला पट्टा बांधून.

नोव्हेंबरचं ऊन उंच खिडक्यांतून आत येत होतं, फरशीवर पडत होतं आणि तिथून परत वर उठत होतं. त्यामुळे छत खालून उजळलं होतं आणि माणसं पाण्यावर टेबलं मांडून बसल्यासारखी दिसत होती. गेलिंदो ते बघत बसला. फरशी त्याच्या मुलाची होती, म्हणजे एर्मेसची आणि त्याच्या चार माणसांची. पांढरा दगड, राखाडी दगड, मधोमध एक मोठं हिरवं वर्तुळ, भोवती पितळेची बारीक कड. सगळी खडी सिमेंटात बसवून सात वेळा घासलेली. पण गेलिंदोला आत्ता फरशी दिसत नव्हती. त्याला वर्तुळाच्या कडेला एक घडीची खुर्ची दिसत होती आणि तिच्यावर ओव्हरकोट घालून बसलेली एल्दा. ती म्हणत होती, डावीकडं, अजून डावीकडं. तो बिचारा तिकडं बघायला लागला की वाढपी मधून जायचा आणि खुर्ची नाहीशी व्हायची.

"पापा, पोलेंता घ्या थोडी," मक्याच्या सांज्याचं भांडं पुढं सरकवत सून म्हणाली.

"घेतो," गेलिंदो म्हणाला आणि घेतली नाही.

सून म्हणजे निवेस. तिनं स्वतःही काही खाल्लं नव्हतं. तिच्या मांडीवर काळी पर्स होती, पर्समध्ये लांबट पाकीट, पाकिटात तीन कागद, आणि ते कागद सोमवारपासून तिला चटके देत होते. निवेस एका वकिलाच्या कचेरीत होती. ती नुसती टायपिस्ट नव्हती. माणसाला शपथ घालून त्याखाली शिक्का मारायचा अधिकार तिला होता, आणि ती तो शिक्का लिपस्टिकबरोबर पर्समध्येच बाळगायची. त्यावरून नणंद तिची थट्टा करायची. आज कोणी थट्टा करत नव्हतं.

सोमवारी सकाळी हेच कागद घेऊन ती रुग्णालयात गेली होती. नवऱ्याची सही घ्यायची आणि तशीच न्यूमार्केटला जायचं, जमिनीच्या नोंदणी कचेरीत. पण एर्मेस आईचा हात धरून बसला होता. एल्दाचा श्वास मोजून येत होता. त्या खोलीत पर्स उघडायची तिची छाती झाली नाही. संध्याकाळी एल्दा गेली, आणि साडेचारला कचेरीची खिडकी बंद झाली होती. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या आणि त्यातली दुसरी फक्त तिला माहीत होती. चार दिवस ती ते मनात घेऊन स्वयंपाक करत होती, पाहुण्यांना कॉफी देत होती, आणि स्वतःवर भयंकर चिडली होती.

तिनं एर्मेसच्या कोपराला हात लावला. "बाहेर ये जरा."

"आत्ता?"

"आत्ताच."

कोट टांगायच्या खोलीत दीडशे ओले कोट लटकत होते. लोकरीचा, बर्फाचा आणि उदबत्तीसारखा चर्चमधला वास होता. निवेसनं दार ओढून घेतलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मुदत सोमवारी संपली. चूक तिची होती. आता ओरेस्तेच्या जमिनीवर आपला बोजा चढवता येणार नाही.

एर्मेस कोटांकडं बघत होता. मोठा, शांत माणूस. हाताच्या भेगांत सिमेंट कायमचं बसलेलं. "मला तो चढवायचाच नव्हता," तो म्हणाला.

"काय?"

"सांतुल आहे तो माझा."

सांतुल म्हणजे बाप्तिस्म्याला मुलाला हातावर धरणारा माणूस. ओरेस्तेनं एर्मेसला धरलं होतं. पहिली सायकल त्यानं घेतली होती. लग्नात बापाच्या शेजारी तो उभा होता.

"सांतुल आहे म्हणून दगड फुकट आला का?" निवेस म्हणाली. "घर गहाण टाकून आणलास तो तू. चार माणसांची मजुरी आपण आपल्या खिशातून दिली. त्रेसष्ट हजार डॉलर, एर्मेस. वसंतात बँक आपल्याला घराबाहेर काढेल. पापांना कुठं ठेवणार? मुलींना कुठं ठेवणार?"

"तो देईल."

"कशातून?"

दार उघडलं आणि एर्मेसची थोरली बहीण आत आली. दिर्चे. अंगावर काळा पोशाख आणि कमरेला हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा, कारण ओरेस्तेच्या हॉलचा कारभार तीच बघायची. आईच्या जेवणालाही तिनं तो काढला नव्हता. "आईचं जेवण चालू आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुम्हा दोघांचा आवाज भाज्यांच्या टेबलापर्यंत येतोय. ओरेस्तेनं पेटी खांद्यावर घेतली आज. आज तरी लाज बाळगा."

"तू त्याच्याकडून पगार घेतेस म्हणून तुला लाज परवडते," निवेस म्हणाली.

"आणि तू कचेरीत बसून माणसांना कोर्टात खेचतेस म्हणून तुला परवडत नाही."

"मी कोणाला खेचत नाहीये. कायदा साधा आहे, दिर्चे. ज्यानं इमारतीत घाम गाळला त्याला त्या जमिनीवर आपलं नाव चढवता येतं. मग मालकाला ती परस्पर विकता येत नाही, बँकेला गपकन गिळता येत नाही. आधी आपलं मिटवावं लागतं. फक्त शेवटचं काम झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत चढवायचं. शेहेचाळिसाव्या दिवशी आपल्याला कोणी विचारत नाही. दोन ऑक्टोबरला एर्मेसनं फरशीवर शेवटचा रोगण मारला. सोळा नोव्हेंबरला, सोमवारी, मुदत संपली. तेव्हा भांडू नकोस, काही उरलेलंच नाही."

"दोन तारखेला काम संपलं नव्हतं," कोणीतरी म्हणालं.

कोटांच्या मागून गेलिंदो पुढं आला. तो टेबलावरून उठून आपला कोट शोधायला या दोघांच्या आधीच आत आला होता आणि एल्दाचा कोट हाताला लागल्यावर तिथंच थांबला होता. तो कोट दवाखान्यातून गाडीत राहिलेला, कोणीतरी इतरांबरोबर टांगून ठेवलेला. त्याची बाही त्यानं अजून धरली होती.

"पापा, जा, बसा तुम्ही," दिर्चे म्हणाली.

"तेल राहिलं होतं," गेलिंदो म्हणाला. "मधल्या वर्तुळाला."

एर्मेसनं कपाळावर हात मारला. आमच्या गावाकडं खडीची फरशी तेल पाजल्याशिवाय पुरी झाली असं मानत नाहीत. जवसाचं तेल, हातानं, फडक्यानं, गुडघ्यावर बसून. इकडं आता सगळे डब्यातला रोगण मारतात, एर्मेससुद्धा. पण मधल्या हिरव्या वर्तुळाला रोगण लावायचा नाही म्हणून म्हाताऱ्यानं एवढा तमाशा केला होता की एर्मेसनं ते तसंच सोडलं होतं. नंतर बघू, म्हणाला होता. मग आई पडली आणि नंतर राहून गेलं.

"ते तसंच कोरडं आहे असं मी धरून चाललो होतो," एर्मेस म्हणाला.

"कोरडं कसं असेल? डोळे नाहीत का तुला? बघ जाऊन," गेलिंदो म्हणाला. "मी लावलं. मंगळवारी."

"कुठल्या मंगळवारी, पापा?" निवेसचा आवाज एकदम कचेरीतला झाला.

"तुमची आई म्हणाली, घरात पडून छत बघून कंटाळा आला. डॉक्टरनं सांगितलं होतं, आठवडाभरानं दाखल करा. त्याच्या आधीचा मंगळवार."

निवेसनं बोटांवर मोजलं. सहा ऑक्टोबर. पुन्हा मोजलं. मग पर्समधून एर्मेसनं ओरेस्तेला दिलेल्या कराराची नक्कल काढली आणि खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. *मधल्या वर्तुळास जवसाचे तेल, हाताने.* एर्मेस प्रत्येक कामाला बापाचाच जुना मसुदा टाइप करून द्यायचा. ती ओळ वीस वर्षांत त्यानं काढली नव्हती आणि वीस वर्षांत ती कोणी वाचलीही नव्हती. ओरेस्तेनं तिच्याखाली सही केली होती.

"करारातलं काम आहे," निवेस म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती घड्याळ बघत होती. "सहा तारखेपासून पंचेचाळिसावा दिवस आज. आज शुक्रवार. पावणेतीन झालेत. न्यूमार्केटला पाऊण तास. पापा, तारखेची शपथ तुम्हाला घ्यावी लागेल. तेल तुम्ही लावलंत."

"नको," एर्मेस म्हणाला. "त्यांना यात ओढू नकोस. आज नको."

"आज नाही तर कधीच नाही."

दिर्चेच्या कमरेच्या जुडग्यातल्या एका किल्लीनं कचेरीतला खण उघडत होता आणि त्या खणात बँकेची दोन पत्रं होती. ती तिनंच फोडली होती. तिनं जुडगा मुठीत धरला, आवाज होऊ नये म्हणून.

गेलिंदोनं एल्दाच्या कोटाची बाही सोडली. "आधी मी ओरेस्तेला सांगतो," तो म्हणाला. "त्याच्या पाठीमागं नाही करायचं."

"पापा, त्यानं तुम्हाला बोलण्यात गुंडाळलं की साडेचार वाजतील."

"वाजू देत. त्याच्या ताटातलं सूप मी प्यालोय."

हॉलमध्ये गोड वाढायला घेतलं होतं. लहान ग्लासांतून ग्रापा, द्राक्षाची कडक दारू, फिरत होती आणि एल्दाच्या गोष्टी आता हसत हसत सांगितल्या जात होत्या. ती बर्फात चपला घालून बसच्या मागं कशी धावली वगैरे. ऊन आणखी तिरपं झालं होतं. गेलिंदो हॉल ओलांडून चालला तेव्हा त्याच्या पायांखाली दुसरा गेलिंदो उलटा चालत होता, आणि खरा कुठला याची त्याला स्वतःलाच नीट खात्री नव्हती. वर्तुळापाशी तो थांबला आणि त्याला वळसा घालून गेला. का ते त्याला सांगता आलं नसतं. तेल ओलं असल्यासारखं त्याला वाटलं एवढंच.

ओरेस्ते खिडकीपाशी एकटाच उभा होता. गेलिंदोनं त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं. दोन वाक्यांत. असल्या गोष्टी त्याला लांबवता येत नाहीत. एर्मेस आणि दोघी बायका चार पावलं मागं उभ्या राहिल्या.

ओरेस्तेनं ऐकून घेतलं. त्याचं तोंड मोठं, लालबुंद, नेहमी काहीतरी विकायला निघाल्यासारखं. आत्ता ते पडलं होतं. "तुला माहीत आहे का तो कागद चढला की काय होतं?" तो म्हणाला. "बँक पुढचा हप्ता देत नाही. एक दमडी देत नाही. सुताराला नाही, वीजवाल्याला नाही, मला नाही. तू तुझं नाव चढवत नाहीयेस, गेलिंदो, तू माझं उतरवतोयस."

"माझ्या पोराचं घर जाईल."

"सोमवारपर्यंत थांब. सोमवारी चेक देतो. एर्मेस, तू सांग तुझ्या बापाला. मी तुला कधी फसवलंय?"

एर्मेस मान खाली घालून उभा होता. लहानपणी याच माणसानं सायकलची सीट मागून धरली होती आणि सोडली तेव्हा सांगितलं नव्हतं. ते आठवून त्याला रडू आलं आणि रागही आला. "नाही, सांतुल," तो म्हणाला. "कधी नाही."

"बघ. आणि कसलं काम काढलंय तुम्ही? तेल!" ओरेस्ते गेलिंदोच्या जवळ सरकला आणि त्याचा आवाज खाली आला. "मी होतो त्या दिवशी. पार्किंगमधून काचेतून बघितलं तुम्हाला. ती खुर्चीवर बसलेली आणि तू खाली गुडघ्यावर, हातात फडकं. मध्येच तिला झोप लागली तर तू तसाच थांबलास. किती वेळ थांबलास ते तुला तरी ठाऊक आहे का? मी आत आलो नाही. येववलं नाही. गाडीत बसून राहिलो. बायकोला शेवटचं बाहेर घेऊन आला होतास तू. त्याला आता मजुरी म्हणणार? शपथेवर?"

गेलिंदोला वर्मी लागलं. कारण कोटांच्या खोलीतून इथवर येताना तो हेच स्वतःला विचारत आला होता. ती दुपार त्याची होती. सगळ्या आजारपणात तेवढी एकच दुपार त्यांना मिळाली होती. तेलाचा वास, खिडक्यांतून येणारं ऊन, आणि एल्दाचा चिरका, नेहमीसारखा हुकूम सोडणारा आवाज. ती त्यानं मनात अशी जपून ठेवली होती की मुलांनाही सांगितली नव्हती. आणि आता ती निवेसच्या कागदावर, शिक्क्याखाली, न्यूमार्केटच्या कुठल्याशा कपाटात जाऊन पडणार. फरशी खाली कुठंतरी लांब गेली आणि तिच्यात दिवे, ग्लास, काळे कपडे हलू लागले.

"तू शपथ घे," तो म्हणाला.

"मी?"

"सोमवारी पैसे मिळतील. एल्दाची शपथ. सकाळी तू तिला खांद्यावर घेतलंस. त्याच खांद्यावर हात ठेव आणि म्हण. मी घरी जातो आणि तो कागद फाडतो."

ओरेस्तेनं हात उचलला. तो कोटाच्या बटणापर्यंत आला आणि तिथंच राहिला. तो बटणाशी चाळा करू लागला. मागं कोणीतरी मोठ्यानं हसलं आणि लगेच गप्प झालं.

दिर्चे त्याच्या हाताकडं बघत होती. सोमवारी सकाळी दहा वाजता बँकेचा माणूस हॉलच्या किल्ल्या घ्यायला येणार होता. पत्रात तसंच लिहिलं होतं, तिच्याच नावानं, *किल्ल्या तयार ठेवाव्यात* म्हणून. तीन आठवडे ती रोज सकाळी ओरेस्तेकडं बघत होती, आज हा बोलेल म्हणून, आणि तो रोज नव्या लग्नाची तारीख वहीत लिहायला सांगत होता. तिनं त्याला दगा दिला नव्हता. आत्ताही देणार नव्हती. पत्रांबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

"पापा," ती म्हणाली, "सही करा."

ओरेस्तेनं तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. मग त्यानं हात खाली सोडला आणि तो तिथून निघून स्वयंपाकघराच्या दारातून आत गेला, पाठ ताठ ठेवून.

सगळ्यात जवळचं रिकामं टेबल वर्तुळाच्या कडेलाच होतं. निवेसनं ब्रेडचे तुकडे हातानं झाडले आणि कागद पसरले. तिच्या कचेरीत या कामाला एक छापील तक्ता होता, वकिलाला सगळं बारीकसारीक लागायचं. ती तक्त्यातून वाचत गेली आणि लिहीत गेली. एर्मेस मागं उभा होता. त्यानं बापाच्या खुर्चीच्या पाठीला धरलं होतं.

"शेवटच्या कामाची तारीख?"

"सहा ऑक्टोबर."

"कामाचं स्वरूप?"

"तेल."

"जवसाचं तेल, हाताने," निवेसनं लिहिलं. "किती वेळ?"

"दीड वाजल्यापासून. ऊन जाईपर्यंत."

"साडेपाच," एर्मेस हळूच म्हणाला.

"कामावर माणसं किती?"

गेलिंदो वर्तुळाकडं बघत होता. निवेसला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं.

"दोन," गेलिंदो म्हणाला.

निवेसनं पेन उचललं. "पापा, हे शपथेवर आहे. आईंना त्यात घालता येणार नाही. त्या नुसत्या बसल्या होत्या."

"नुसती कशानं बसेल ती? कधी बसली होती का?" गेलिंदो म्हणाला. त्याचा आवाज चिडका होता आणि त्याला बरं वाटत होतं. "गुडघ्यावर बसून तेल लावणाऱ्याला कोरडं कुठं राहिलं ते दिसत नाही. नाक फरशीला टेकलेलं असतं. उजेडाच्या समोर दुसरं माणूस लागतं. आमच्या गावात त्याला अर्धी मजुरी देतात. तिची खुर्ची मी अकरा वेळा हलवली, ऊन सरकेल तशी. डावीकडं म्हणायची. अजून डावीकडं. गेलिंदो, आंधळा झालास का, पायाशी बघ. एक बोटभर जागा सुटू दिली नाही तिनं. झोप लागली तेव्हा मी थांबलो, कारण तिच्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं." तो थांबला. "ओरेस्तेला वाटलं मी तिला फिरायला आणलं होतं. तिलाही आधी तसंच वाटलं. मग म्हणाली, मला काम सांगायला आणलंस होय. इतकी खूश होती. आजारी पडल्यापासून तिला कोणी काही करू दिलं नव्हतं. ते काम होतं, निवेस. लिही. दोन माणसं."

निवेसनं लिहिलं. *दोन.* दुसऱ्या माणसाच्या नावासाठी तक्त्यात रकाना होता. त्यात तिनं *एल्दा कोलेदान* असं लिहिलं. शेवटचं अक्षर लिहिताना तिला दिसेनासं झालं. तिनं सासऱ्यापुढं पर्समधलं छोटं बायबल धरलं. त्यानं त्यावर हात ठेवला आणि वर लिहिलेलं सगळं खरं आहे असं सांगितलं. त्यानं सही केली, एर्मेसनं केली, तिनं शिक्का मारला. सव्वातीन झाले होते.

बाहेर पार्किंगमध्ये वेगळीच गंमत होऊन बसली होती. दफनाच्या गाड्या जागा मिळेल तशा लागल्या होत्या आणि निवेसची गाडी भिंतीशी कोंडली गेली होती. पुढं भिंत, दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या गाड्या, आणि मागं, आडवी, ओरेस्तेची लांबलचक काळी गाडी. एर्मेसनं तिच्या काचेतून आत बघितलं. किल्ली नव्हती. त्यानं निवेसकडं बघितलं.

"दुसऱ्या कोणाची गाडी माग," ती म्हणाली.

"सगळ्या हिच्यामुळंच अडकल्यात."

हॉलमध्ये परत जाऊन ओरेस्तेला किल्ली मागायला एर्मेसचे पाय उचलेनात. निवेसचेही उचलेनात, आणि ते तिच्या बाबतीत नवलच होतं. गेलिंदो कोट न घालताच बाहेर आला होता आणि पायरीवर उभा होता. बर्फाचे विरळ कण उन्हातच पडत होते. साडेतीन होत आले. ओरेस्तेनं काही करायचीही गरज नव्हती. आत बसून एक कॉफी प्यायला असता तरी सगळं त्याच्या मनासारखं झालं असतं.

स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. ओरेस्ते आला, हातात किल्ली. त्यानं एर्मेसकडं बघितलं नाही, निवेसकडं बघितलं नाही. गाडीत बसला आणि मागं घेऊ लागला. मागं जागा थोडी होती, एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला शववाहिनी. त्याची मान आता पूर्वीसारखी वळत नव्हती. गाडी खांबाच्या दिशेनं सरकू लागली.

गेलिंदो पायरी उतरून त्याच्या मागं जाऊन उभा राहिला. हात वर केला. "डावीकडं," तो म्हणाला. "अजून. थांब. आता सरळ. ये. ये. ये." चाळीस वर्षं त्यानं ओरेस्तेचे ट्रक असेच मागं घ्यायला लावले होते. काळी गाडी खांबाला वीतभर सोडून मागं आली. गेलिंदोनं डिकीवर दोन थापा मारल्या.

निवेसची गाडी सुटली, रस्त्याला लागली, आणि उत्तरेकडं वळून दिसेनाशी झाली.

ओरेस्तेनं इंजिन बंद केलं. काच खाली घेतली.

"पोचतील?" ओरेस्तेनं विचारलं.

"पोचतील. ती चालवते जोरात."

ओरेस्तेनं मान हलवली. "सोमवारपासून मी तुझ्याशी बोलणार नाही, गेलिंदो. रस्त्यात भेटलास तरी. चर्चमध्येसुद्धा."

"बरं."

"मेलास तर येईन."

"मी पण येईन."

ओरेस्ते गाडीतून उतरला. गेलिंदोच्या अंगावर कोट नाही हे त्याला तेव्हा दिसलं. त्यानं आपला कोट काढून त्याच्या खांद्यांवर टाकला आणि दोन्ही बाजूंनी पुढं ओढून नीट केला.

"आज शुक्रवार आहे," तो म्हणाला. "चल आत. तुझी माणसं जेवतायत."